पिकअप किती उचलायची? लिफ्ट आणि टायर ठरवतानाचा माझा अनुभव

पिकअपला लिफ्ट किट, म्हणजे गाडी जमिनीपासून उंच करणारे सुटे भाग, बसवायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती इंच?" गेल्या पावसाळ्याच्या आधी मी या सगळ्यातून गेलो. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. गाडी नेमकी कुठे टेकते, किती ओझं असताना टेकते आणि बाकीचे दिवस कुठल्या रस्त्यावर धावते, हे आधी बघायचं. इंच त्यातूनच निघतात.

माझ्याकडे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस आहे, फोर बाय फोर. राहायला पुण्यात धायरीला आणि शेती वेल्ह्याच्या पुढे, केळदच्या अंगाला. जायचा रस्ता म्हणजे नवले पूल, कात्रजचा नवा बोगदा, खेड शिवापूर, नसरापूर, मार्गासनी, वेल्हे. तिथून पुढेही बराचसा डांबरीच. अडचण असते ती शेवटच्या तुकड्यात. डांबर सोडून शेताकडे उतरणारी वाट, दोन्ही बाजूंना ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्या, मध्ये गवताचा उंचवटा आणि शेवटी ओढ्याचा उतार. गाडीत खताच्या गोण्या आणि घरची माणसं असली की तिथे खालून हमखास आवाज यायचा.

पुण्यात दोन-तीन ठिकाणी चौकशी केली. सगळीकडे सल्ला साधारण एकच. "दादा, तीन इंच उचलू, बत्तीस-तेहतीस इंची टायर टाकू, परत खालून लागणार नाही." गाडीखाली वाकून मात्र कोणी बघितलं नाही. मग ठरवलं की हे काम आपणच करायचं.

शेजारच्या शेतातल्या तात्यांकडून चुना आणला, घट्ट कालवला आणि कुंच्याने गाडीच्या खालच्या सगळ्या भागांना फासला. पुढची स्किड प्लेट (खालचा संरक्षक पत्रा), दोन्ही फूटबोर्ड, सायलेन्सर, मागच्या डिफरन्शिअलचा गोळा (ॲक्सलच्या मधला, आत गिअर असलेला फुगीर भाग), मागच्या शॉकअपचे खालचे कान, टो हुक (गाडी ओढायचा हुक), सगळं पांढरं केलं. चुना वाळू दिला. नेहमीइतक्या गोण्या भरल्या, नेहमीइतकी माणसं बसवली आणि त्याच वाटेने ओढ्यापर्यंत जाऊन परत आलो. नंतर ताडपत्री अंथरून गाडीखाली आडवा झालो. तात्या बाहेरून विचारतायत, "काय म्हणतोय चुना?"

चुना स्पष्ट सांगत होता. पुढची स्किड प्लेट पांढरीशुभ्र, तिला काही शिवलेलंच नव्हतं. डावा फूटबोर्ड लांबीभर पुसला गेला होता. टो हुकचा खालचा काठ घासून लखलखत होता. डिफरन्शिअलच्या गोळ्यावर चुन्यातून एक बारीक रेघ ओढली गेली होती, मधल्या उंचवट्याची. शॉकअपच्या कानांवरचा चुना शाबूत होता.

तीन जागा आणि तिघींची कारणं वेगळी. फूटबोर्ड टेकतो कारण तो चॅसिसच्या बराच खाली लोंबतो. टो हुक टेकतो कारण ओझ्याने गाडी मागून बसते. गोळा टेकतो कारण तो ॲक्सलचाच भाग आहे. ही शेवटची गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. मागचा ॲक्सल सलग असतो आणि त्याची जमिनीपासूनची उंची फक्त टायरवर ठरते. स्प्रिंगा आणि पाटे (मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) बदलून बॉडी आणि चॅसिस हवी तेवढी वर न्या, गोळा एक मिलिमीटरही वर जात नाही. तीन इंचांची लिफ्ट करून तीच चाकोरी ओलांडली असती तरी ती रेघ तिथेच उमटली असती.

म्हणून आधी टायर ठरवला. त्याचं गणित घरबसल्या होतं. माझ्या गाडीचा मूळ टायर २५५/६० आर १८. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के म्हणजे १५३ मिलिमीटर आणि रिम १८ इंची म्हणजे ४५७ मिलिमीटर. दोन्ही भिंती आणि रिम मिळून एकूण व्यास ७६३. कागदावर पर्याय मांडले. २६५/६५ आर १७ चा व्यास ७७६, २६५/७० आर १७ चा ८०३ आणि २८५/७० आर १७ चा ८३१ मिलिमीटर. गोळा वर जातो तो व्यासातल्या फरकाच्या निम्म्याने. म्हणजे पहिल्यात साडेसहा मिलिमीटर, दुसऱ्यात २०, तिसऱ्यात ३४.

नुसता हा आकडा बघितला तर तिसरा टायर घ्यावासा वाटतो. पण तो मूळ टायरपेक्षा जवळपास नऊ टक्के मोठा. मीटरवर ८० दिसेल तेव्हा गाडी मूळ टायरवर असती त्यापेक्षा ताशी सातेक किलोमीटर जास्त वेगात असेल. इंजिनाला प्रत्येक गिअर जड जाईल. टायर वजनाने जड, त्यामुळे ब्रेकवर ताण. नवा बोगदा ओलांडून नवले पुलाकडे येणारा उतार ज्याने पावसात, पुढेमागे कंटेनर असताना, दर आठवड्याला उतरलाय त्याला ब्रेकबद्दल वेगळं सांगायला नको. शिवाय स्टिअरिंग पूर्ण वळवलं की एवढा टायर चाकाच्या कमानीच्या मागच्या बाजूला घासतो. मग प्लास्टिक कापा, प्रसंगी पत्रा ठोका. गाडीचं काहीही कापायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही, हे मी पहिल्यापासून ठरवलं होतं.

शेवटी २६५/६५ आर १७ घेतला. मूळ टायरपेक्षा १.७ टक्के मोठा. साडेसहा मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात, पण माझ्या गोळ्यावर एक रेघच होती, खड्डा पडलेला नव्हता. मोठा फायदा दुसऱ्या बाजूने झाला. रिम १७ ची झाल्यामुळे टायरची भिंत १५३ वरून १७२ मिलिमीटरची झाली. दगडांच्या वाटेवर हवा कमी करून चालवताना रिम आणि दगड यांच्यामध्ये जे रबर असतं ते हेच. आणि हा साइज फॉर्च्युनरवरही येतो, त्यामुळे कुठेही अडलो तरी टायर मिळण्याची शक्यता चांगली. आडवाटेला जाणाऱ्याने ही गोष्ट नक्षीपेक्षा जास्त महत्त्वाची धरावी.

टायरच्या बाजूवर साइजनंतर एक आकडा असतो, तो बहुतेक जण वाचत नाहीत. ११२ म्हणजे तो टायर १,१२० किलो पेलतो, ११५ म्हणजे १,२१५ किलो. मूळ टायरवरचा आकडा लिहून न्यायचा आणि त्याच्या खालचं काही घ्यायचं नाही. मी भरलेली गाडी वजनकाट्यावर नेऊन आधी सगळी आणि मग फक्त मागची चाकं काट्यावर ठेवून वजन केलं. मागच्या दोन टायरांवर मिळून साधारण बाराशे किलो भरले. त्यामुळे जाड, कडक एलटी (लाइट ट्रक) टायरची मला गरज नाही हेही कळलं. ते रोज मोठं ओझं वाहणाऱ्यासाठी. रिकाम्या गाडीत ते शहरात हादरे देतात.

नक्षी ऑल टेरेनची, म्हणजे डांबर आणि माती दोन्हीवर चालणारी घेतली. खास चिखलासाठीची मड टेरेन भातखाचराच्या चिखलात नक्कीच सरस, पण माझं जास्त चालवणं डांबरावर आहे आणि ओल्या डांबरावर मड टायरची पकड कमी पडते.

टायर पाच घेतले. व्ही-क्रॉसचं फोर बाय फोर पार्ट टाइम आहे, पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगातला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शिअल नाही. वेगळ्या व्यासाची स्टेपनी लावून फोर हायमध्ये (चारही चाकं जोडून) टाकली की सगळा पीळ गिअरवर येतो. रिम घेताना सहा बोल्ट आणि १३९.७ मिलिमीटरचा पीसीडी (बोल्टांच्या वर्तुळाचा व्यास) तर जुळायला हवाच, पण ऑफसेटही (रिम किती आत-बाहेर बसते ते माप) मूळच्या जवळचा बघितला, म्हणजे चाक बाहेर डोकावत नाही आणि बेअरिंगवर जादा भार येत नाही.

आता उंची. ती जमिनीपासून मोजली तर टायर आणि हवा मध्ये येतात, म्हणून चाकाच्या मध्यापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजायची. रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही मापं घेतली. पुढे फरक नगण्य होता, मागे साठ मिलिमीटर. म्हणजे दुखणं मागच्या पाट्यांत होतं आणि मला सगळीकडे पुढून तीन इंच उचलायचं सांगत होते.

मागे चार वाटा असतात. ॲक्सल आणि पाट्यांमध्ये ठोकळा घालायचा, लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला जोडणारे दुवे) लावायचे, आहे त्यात एक जादा पाटा घालायचा किंवा पाट्यांचा पूर्ण संच बदलायचा. ठोकळा आणि शॅकल गाडी वर नेतात, पण पाटे तेवढेच मऊ राहतात, ओझं टाकलं की पुन्हा बसतात. जादा पाटा स्वस्त आणि चालण्यासारखा. मी पूर्ण संच घेतला, आणि त्यातही मध्यम ओझ्याचा. कायम तीनशे किलो गृहीत धरलेले कडक पाटे रिकाम्या गाडीत प्रत्येक स्पीडब्रेकरला मागच्या सीटवरच्याला उडवतात. माझ्या मागच्या सीटवर आई बसते आणि तिचे गुडघे आधीच दुखतात.

मागचं वर गेलं की रिकामी गाडी नाकावर झुकते, म्हणून पुढे थोडं उचलावं लागतं. पुढे मी ३५ मिलिमीटरवर थांबलो. स्प्रिंगेवर चकती घालायचा स्वस्त मार्ग आहे. पण स्प्रिंग खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) मधल्या भागावर टेकलेली आणि चाक आर्मच्या टोकाला, त्यामुळे दहा मिलिमीटरची चकती चाकापाशी सुमारे दुप्पट उंची देते, आणि शॉकअप मात्र जुनेच राहतात. मी स्प्रिंगा आणि शॉकअप दोन्ही एकत्र बदलले. पन्नास मिलिमीटरच्या पुढे गेलं की पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके व्हायला लागतात, वरचे आर्म बदलायची वेळ येते आणि कॅस्टर (स्टिअरिंग सरळ ठेवणारा चाकाचा कोन) इतका कमी होतो की हायवेला स्टिअरिंग सरळ राहायला कुरकुरतं. ३५ मध्ये यातलं काही करावं लागलं नाही.

फूटबोर्ड काढून टाकणं सोपं होतं, पण मग आई चढणार कशी? चॅसिसला बोल्टने बसणारे, मूळपेक्षा वर बसणारे आणि अरुंद असे पाइपचे स्लायडर लावले. त्यावर पाय देऊन तिला चढता येतं, आणि चाकोरीतही ते सुटतात.

कायद्याची बाजूही बघितली. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे ठामपणे सांगितलं आहे. त्यामुळेही बदल लहान ठेवला, परत काढता येईल असाच ठेवला, जुन्या स्प्रिंगा आणि पाटे ग्रीस लावून गुंडाळून ठेवलेत. विमा कंपनीला काय काय बदललं ते लेखी कळवलं आणि उत्तर फाइलला लावलं. अपघात झाल्यावर हा विषय निघण्यापेक्षा आधी निघालेला बरा.

बसवताना एका गोष्टीसाठी मी शेजारी उभा राहिलो. पाट्यांच्या बुशचे (टोकांतल्या रबरी नळ्यांचे) बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना शेवटचे आवळायचे नाहीत. तसं केलं तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. मिस्त्री म्हणाले, "साहेब, माहितीये, खाली घेऊनच आवळणार," आणि तसंच केलं. चारी चाकं जमिनीवर टेकल्यावर टॉर्क रेंचने एकेक बोल्ट आवळला. त्याच दिवशी अलाइनमेंट केलं आणि हेडलाइटचा झोत खाली घेतला, कारण पुढून गाडी वर गेली की समोरच्याच्या डोळ्यांत उजेड जातो. शंभर किलोमीटरनंतर चाकाचे नट आणि पाचशेच्या आसपास पाटे ॲक्सलला धरणारे यू बोल्ट पुन्हा आवळून घेतले. यू बोल्ट खरोखरच थोडे सैल झाले होते. पाटे बसल्यावर उंची जराशी उतरली, म्हणून अलाइनमेंट परत करावं लागलं.

पाऊस सुरू झाल्यावर तोच चुना, त्याच गोण्या, तीच वाट. स्लायडर आणि टो हुक पांढरेच राहिले. गोळ्यावर रेघ या वेळी नव्हती, ओल्या गवताने पुसल्यासारखा एक डाग होता तेवढाच.

तात्यांचा मुलगा आता विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारं यंत्र) लाव म्हणून मागे लागलाय. विंच आणि त्यासाठीचा लोखंडी बंपर मिळून पुढे चांगलंच वजन वाढतं आणि आत्ता ज्या वजनाला धरून स्प्रिंगा घेतल्या त्या खाली बसतील. कोणाला विंच लावायचाच असेल तर स्प्रिंगा घेण्याआधी ठरवा आणि दुकानदाराला ते वजन सांगूनच घ्या. मी तूर्त चिखलात चाकाखाली घालायच्या दोन फळ्या आणि एक चांगला दोर गाडीत ठेवलाय.