ठाणे ते रबाळे, फोर्क पाइप खांद्यावर

जुन्या यामाहा आरएक्स हंड्रेडच्या पुढच्या शॉकअपमधून (फोर्कमधून) ऑइल गळायला लागलं तर ते अडवणारं रबरी सील बदलायला गाडी कुणाकडे टाकू नका. आधी पाइप फडक्याने कोरडा पुसा आणि त्यावरून नख फिरवा. नख कुठे अडकलं तर पाइपचं क्रोम गेलंय. मग त्यावर सोन्याचं सील बसवलं तरी ते गळणारच.

हे एवढं मला ठाण्यातल्या गॅरेजवाल्याने सांगायला हवं होतं. त्याने १,८०० रुपये घेतले, "इम्पोर्टेड सील टाकलंय, काका, आता बघायला नको" म्हणाला, आणि कळव्याचा पूल ओलांडून विटाव्याला पोचेपर्यंत उजव्या पाइपवर ओली रिंग पुन्हा हजर. परत गेलो तर म्हणे पाइप अर्धा फिरवून बसवतो. अहो, सीलची आतली कड पाइपला चहूबाजूंनी धरते, खड्डा पुढे असला काय आणि मागे असला काय! पुढचा सल्ला जाड ऑइल टाकण्याचा. त्याने गळती थोडी मंदावते आणि शॉकअप दगड होतो. आरएक्स १९८५ ला आली, १९९६ ला बंद झाली. सरकारी नियमात विंटेज व्हायला पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात, पण गॅरेजांनी विंटेजचा दर आत्ताच सुरू केलाय.

आता विटावा. रेल्वे पुलाखालचा तो तुकडा जुन्या दुचाकीसाठी बनलेलाच नाही. पावसात तिथे पाणी तुंबतं, ओसरलं की पेव्हर ब्लॉक वरखाली झालेले दिसतात, समोरून कंटेनर आणि बाजूने रिक्षा घुसते, त्यामुळे खड्डा चुकवायला जागाच उरत नाही. ऑइल कमी झालेला शॉकअप तिथे खाड्कन तळाला आपटतो आणि तो आवाज दातांत जाणवतो. नवी मुंबईत जुनी गाडी चालवतच न्यायची असेल तर मुलुंडवरून ऐरोली पूल धरा. लांब पडतो, पडू दे. विटावा नको म्हणजे नको.

खरं तर गाडी न्यायचीच गरज नाही. पाइप काढा आणि लोकलने जा. मी तेच केलं.

काढताना क्रम महत्त्वाचा. चाक जागेवर असताना, गाडी स्वतःच्या वजनाने शॉकअपवर बसलेली असताना बॉटमच्या (पाइप ज्यात खालीवर सरकतो त्या नळीच्या) खालचा ॲलन बोल्ट थोडा सैल करून घ्या. स्प्रिंग दबलेली असते म्हणून आतला रॉड सोबत फिरत नाही. चाक काढल्यावर आठवलं तर तो बोल्ट नुसता गरगर फिरतो आणि इम्पॅक्ट गन शोधत हिंडावं लागतं. वरचे बोल्टही टी मध्ये (दोन्ही पाइप हँडलपाशी पकडणाऱ्या जोडणीत) पाइप घट्ट असतानाच ढिले करा. जुनं सील उचकटताना स्क्रूड्रायव्हरखाली लाकडाची पट्टी ठेवा. बॉटम ॲल्युमिनियमचा आहे, ओरखडा पडला तर ऑइल सीलच्या बाहेरच्या अंगाने झिरपतं. माझ्या बॉटमवर गॅरेजवाल्याच्या कलाकुसरीच्या दोन खुणा होत्या, त्या बारीक पॉलिश पेपरने घालवल्या.

नख कुठेच अडकलं नाही तर एवढ्या उठाठेवीआधी जुन्या एक्स-रेची पट्टी कापा, डस्ट कव्हर वर सरकवा आणि सील व पाइपच्या मधून ती पट्टी गोल फिरवा. कधीकधी फक्त धूळ अडकलेली असते. हा उपाय फुकट आहे, म्हणून कुणी सांगत नाही.

पाइपवर खड्डे असतील तर हार्ड क्रोम. इथे दुसरी फसवणूक तयार असते. वागळे इस्टेटमध्ये पहिल्याच ठिकाणी विचारलं तर "क्रोम? होईल की, संध्याकाळी घेऊन जा" असं उत्तर मिळालं. संध्याकाळी मिळणारं ते चकचकीत क्रोम सायलेन्सरला आणि हँडलला ठीक. फोर्कला जुना थर काढून, पाइप घासून, जाड थर चढवून पुन्हा ग्राइंडिंगने मापात आणावा लागतो. म्हणून एकच प्रश्न विचारा: "प्लेटिंगनंतर ग्राइंडिंग करता का?" समोरचा गप्प झाला की पिशवी उचला.

या कामासाठी मी रबाळे गाठलं. स्टेशनवर उतरून ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेला, डोंगराकडच्या बाजूला एमआयडीसी आहे. उन्हात पाइप खांद्यावर घेऊन तिथे गाळे शोधत फिरणं म्हणजे शिक्षा. निघण्याआधी फोन करा, सुट्टी रविवारीच असेल असं धरून चालू नका. ठाणे स्टेशनवर पोलीस पिशवी उघडायला लावतात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या लोखंडी नळ्या बघून लावणारच, तेव्हा आरसीची प्रत जवळ असू द्या.

शेवटी ज्या गाळ्यात काम झालं तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने आधी मायक्रोमीटर काढला. टी मध्ये चिमटलेला वरचा भाग झिजत नाही, मूळ माप तिथून घेतलं. मग म्हणाले, "सील आणलंय का? पाइप सरळ आहे का बघितलं?" मी जवळपास नाचलोच. वाकलेल्या पाइपवर क्रोम करणं म्हणजे पैसे खाडीत. दर गॅरेजवाल्याच्या बिलापेक्षा जास्त होता आणि मी एक रुपयाही घासाघीस केली नाही. बाजारात नवे पाइपही मिळतात. घ्यायचे असतील तर दुकानातच काउंटरच्या काचेवर लोळवून बघा, डगमगला तर परत द्या.

जोडताना पाइपच्या टोकाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळा, सीलला ऑइल लावा, सीलमधल्या बारीक स्प्रिंगची बाजू खाली, आणि पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने सरळ ठोका. सील जागेवर धरणारी सर्क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते बघा. ऑइल मॅन्युअलमधल्या ग्रेडचं, दोन्हीकडे मापाने सारखं. अंदाजाने ओतू नका. जास्त झालं तर आतल्या हवेला जागा उरत नाही आणि तो दाब नवं सीलच बाहेर ढकलतो.

नंतर येऊरपर्यंत चक्कर मारली. छान झाली, लिहिण्यासारखं काही नाही. पाइप कोरडे आहेत. पाइप झाकणारे रबरी गेटर मात्र लगेच चढवले, कारण इथल्या खाडीच्या दमट हवेत उघडं क्रोम फार टिकत नाही. गॅरेजवाला अजूनही १,८०० परत द्यायला तयार नाही. पुढच्यांनी पैसे देण्याआधी जुनी सीलं हातात मागून घ्यावीत. मला मिळाली नव्हती, आणि ती खरंच बदलली होती का याबद्दल मला आता शंका आहे.