पंचवीस सेंटची बाई

मुलीच्या बाळंतपणाला म्हणून अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला आलेय, त्यामुळे ह्याला प्रवासवर्णन म्हणायचं की नाही मलाच शंका आहे. सहा महिन्यांतले साडेपाच महिने डिंकाचे लाडू, तेल-मालिश आणि डायपर ह्यातच गेले. (बाळाला धुरी द्यायला गेलात तर स्मोक अलार्म वाजतो आणि शेजारचे बाहेर येऊन उभे राहतात, एकदाच केलं, परत नाही.) नायगारा झाला, वॉशिंग्टन झालं, स्वातंत्र्यदेवी बोटीतून झाली, फोटो फेसबुकवर आहेत, ज्यांना बघायचेत त्यांनी बघा. मला लिहायचंय ते एका गुरुवारबद्दल.

सुरुवात कपड्यांपासून. मुलीच्या अपार्टमेंटमध्ये धुण्याची मशीन्स तळघरात, आणि त्यात क्वार्टर टाकायचे, म्हणजे पंचवीस सेंटची नाणी. जावई बँकेतून त्यांचे रोल आणतो आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ओततो. तान्हं बाळ घरात म्हणजे रोज धुणं. एक दिवस नाणी मोजताना एकावर रॅकेट घेतलेली बाई दिसली. चष्मा लावून वाचलं, अल्थिया गिब्सन. माझ्या हातातला डबा पडायचा राहिला.

आता अण्णांबद्दल सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. माझे वडील जिमखान्यावर टेनिसचे मार्कर होते. मार्कर म्हणजे काय हे हल्लीच्या पोरांना सांगावं लागतं. मेंबर लोकांना खेळायला जोडीदार नसला की मार्कर समोर उभा राहणार, साहेबांच्या बरोब्बर हातात येईल असा बॉल टाकणार, सकाळी कोर्टावर पाणी मारून रोलर फिरवणार, चुन्याच्या रेघा मारणार, संध्याकाळी रॅकेटना गट, म्हणजे जाळीची तार, भरत बसणार. आणि साहेबाला हरवायचं नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं पण सगळ्यांना माहीत होतं. अण्णा त्यातल्या कुणालाही सहज हरवतील असे होते, हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, मेंबरच सांगायचे. पण व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर ते तीस वर्षांत एकदाही बसले नाहीत. चहा पायरीवर.

तर ह्या अण्णांनी गट भरायच्या खोलीत भिंतीवर वर्तमानपत्रातलं एक कात्रण चिकटवलं होतं, १९५७ सालचं, विम्बल्डन जिंकल्यावर एलिझाबेथ राणीकडून थाळी घेणारी उंच काळी मुलगी, म्हणजे हीच अल्थिया. मी लहान असताना तो कागद पार पिवळा पडलेला, चेहरा पुसट. "ही बघ, हिलापण आत घेत नव्हते," एवढंच म्हणायचे आणि परत कामाला. मला वाटायचं आत म्हणजे कुठल्यातरी खोलीत.

नाणं बघून पहिल्यांदा मुलीला सांगितलं, आपण हिचं घर बघायला जाऊ. मुलगी म्हणाली, आई, बाळ एवढंसं आहे. बरोबरच होतं. जावई म्हणाला, मी वीकेंडला कारने नेतो. त्याने नेलंही, पण पहिल्या शनिवारी न्यूअर्कला, ब्रँच ब्रूक पार्कमध्ये टेनिस कोर्टांपाशी तिचा ब्रॉन्झचा पुतळा आहे. बघितला, छान आहे, वारा इतका होता की पाच मिनिटांत गाडीत येऊन बसलो. दुसऱ्या शनिवारी फॉरेस्ट हिल्स, न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये. पार्किंग शोधण्यात पाऊण तास आणि माझ्यामुळे जावयाचा दिवस जातोय ह्या विचाराने माझा निम्मा जीव. पण ते बघायचंच होतं, कारण अण्णांचा सगळ्यात आवडता किस्सा तिथला.

अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा तेव्हा फॉरेस्ट हिल्सच्या वेस्ट साइड टेनिस क्लबवर व्हायची. काळ्या खेळाडूंना बंदी असं नियमात कुठेही नव्हतं हं, तीच तर गंमत. फक्त आधी गवताच्या कोर्टावरच्या मोठ्या स्पर्धा खेळलेल्या असाव्या लागायच्या, त्या स्पर्धा गोऱ्यांच्या खाजगी क्लबांत, आणि क्लबने बोलावल्याशिवाय जाता येत नाही. झालं काम. काळ्या खेळाडूंची अमेरिकन टेनिस असोसिएशन वेगळी होती, तिची महिला स्पर्धा अल्थियाने १९४७ ते १९५६ ओळीने दहा वर्षं जिंकली, तरी पहिली काही वर्षं पलीकडच्या दाराला कुलूप. मग १९५० च्या जुलैमध्ये अ‍ॅलिस मार्बल ह्या जुन्या गोऱ्या विजेतीने टेनिसच्या मासिकात खरमरीत लिहिलं, की ही मुलगी खेळली आणि हरली तर हरू दे, पण तिला खेळूच द्यायचं नाही हे आपल्याला शोभत नाही, अशा अर्थाचं. त्यानंतर न्यू जर्सीतल्याच साउथ ऑरेंजच्या क्लबने बोलावलं आणि ऑगस्टअखेर ती फॉरेस्ट हिल्सच्या गवतावर उतरली. तेवीस वर्षांची.

दुसऱ्या फेरीत समोर लुईस ब्रॉ, त्या वर्षीची विम्बल्डन विजेती. पहिला सेट ब्रॉने ६-१ घेतला, दुसरा हिने ६-३, आणि तिसऱ्यात ही ७-६ ने पुढे. टायब्रेक नव्हता तेव्हा, म्हणजे एकच गेम पाहिजे. आणि आभाळ फाटलं. विजा, पाऊस, स्टेडियमच्या माथ्यावर दगडी गरुड बसवलेले आहेत त्यातल्या एकावर वीज पडून तो खाली आला. खेळ बंद. दुसऱ्या दिवशी ब्रॉ ताजीतवानी होऊन आली आणि सेट ९-७ ने घेऊन गेली. अण्णा हे सांगताना दर वेळी शेवटी रॅकेट खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "एक गेम! पावसाला काय घाई होती?" जणू आपल्याच वळवाच्या पावसाला बोलतायत.

क्लब अजून खाजगीच आहे. दारावरचा माणूस सभ्यपणे म्हणाला, मेंबर्स ओन्ली. मी बाहेरच्या फुटपाथवरून मान वर करून गरुड बघितले. जावयाला वाईट वाटलं, तो म्हणाला, आई, मी ईमेल करून परवानगी काढतो. म्हटलं नको रे बाबा. मार्करच्या मुलीला बाहेरून बघायची सवय असते. (हे मनात. मोठ्याने म्हटलं असतं तर तो अजून ओशाळला असता.)

आणि मग तो गुरुवार. घरी शिकागोची जाऊ आलेली होती, बाळाकडे बघायला माणूस होतं, मी सकाळीच सांगितलं की मी एकटी जाते हार्लेमला, न्यूयॉर्कमधल्या काळ्या लोकांच्या जुन्या वस्तीत, अल्थिया जिथे वाढली तिथे. घरात हे असं शांत झालं. ह्यांनी तर यूट्यूब पॉज केलं. हार्लेम? एकटी? अहो, चौदा वर्षं मुंबईत लोकलने नोकरी केलीये मी, रोज.

एडिसनहून ट्रेनने न्यूयॉर्क, तिथून सबवेची तीन नंबरची गाडी, उतरायचं १४५ स्ट्रीट, एवढं कागदावर लिहून घेतलं. गर्दी नको म्हणून मुंबईच्या सवयीने टोकाला जाऊन शेवटच्या डब्यात बसले. आणि इथे माझी फजिती. १४५ ला गाडी थांबली, माझ्या डब्याचं दार उघडेचना! मी दारावर थापा मारतेय, समोरचा पोरगा कानातलं काढून म्हणतोय, फर्स्ट फाइव्ह कार्स, फर्स्ट फाइव्ह. त्या स्टेशनचा फलाट इतका आखूड आहे की दहा डब्यांपैकी पुढच्या पाचांचीच दारं उघडतात. घोषणा झाली असणार, मी ऐकली नाही, चूक माझीच. गाडी मला घेऊन थेट शेवटच्या स्टेशनला, १४८. पोटात गोळा आला होता खोटं कशाला बोलू. पण बसल्या बसल्या हेही आठवलं, की लहानपणी ही अल्थिया शाळा बुडवायची आणि घरी बापाचा मार पडेल म्हणून रात्र रात्र ह्याच सबवेत बसून इकडून तिकडे फिरायची. मार म्हणजे साधा नाही, बापाने तिला बॉक्सिंगच शिकवलं होतं.

बाहेर आले आणि सातव्या अ‍ॅव्हेन्यूने खाली चालत निघाले, १४८, १४७, १४६, रस्त्यांचे नंबर उतरत जातात त्यामुळे माझ्यासारखीपण हरवत नाही. १४३ च्या कोपऱ्यावर पाटी दिसली, अल्थिया गिब्सन वे. २०२२ मध्ये तिच्या वाढदिवसाला लावलीये. आणि पुढे... काही नाही. म्हणजे रस्ता. दोन्ही बाजूला बिल्डिंगा, पार्क केलेल्या गाड्या, कचऱ्याच्या काळ्या पिशव्या, एक बाई कुत्र्याला फिरवतेय. मला तरी पाटीशिवाय काही दिसलं नाही. एवढे डॉलर खर्चून, दार न उघडणाऱ्या गाडीत घाबरून, हे बघायला आले? चिडचिड झाली अगदी.

मग एका पायरीवर बसले, गुडघे बोलत होते. आणि बसल्यावर लक्षात आलं की बघायचं होतं ते हेच, हा डांबरी रस्ता. तिचे आईवडील साउथ कॅरोलिनात कापसाच्या शेतावर वाटेकरी होते, ती तीनेक वर्षांची असताना हार्लेमला आले, आणि ह्याच गल्लीत राहायला. पोलिसांची मुलांसाठी एक संस्था होती, ती दिवसा हा रस्ता दोन्हीकडून अडवून मुलांना खेळायला मोकळा करायची. त्यात पॅडल टेनिस, लाकडी फळीने खेळायचं. म्हणजे कोर्ट घराच्या दाराशी! १९३९ मध्ये, बारा वर्षांची असताना, ती त्यात न्यूयॉर्क शहराची चँपियन. मग एका बँडवाल्या माणसाने, बडी वॉकर त्याचं नाव, तिला खरी रॅकेट आणून दिली, आणि आजूबाजूच्या लोकांनी वर्गणी काढून तिला वरच्या बाजूच्या कॉस्मोपॉलिटन क्लबात मेंबर केलं. तो काळ्यांमधल्या डॉक्टर-वकिलांचा क्लब, तिथे फ्रेड जॉन्सन नावाचा एका हाताचा कोच. विचार करा, गल्लीने वर्गणी काढली. गणपतीची नाही, एका उनाड पोरीच्या मेंबरशिपची, आणि तेही ती मोठी कोण होणार हे कुणाला माहीत नसताना.

अण्णांसाठी कुणी वर्गणी काढली असती तर, असं डोक्यात आलं आणि डोळ्यांत पाणी. परक्या देशात परक्याच्या पायरीवर बसून रडणारी साडी-स्वेटरवाली म्हातारी, काय दिसत असेन.

शेजारच्या दारात घडीच्या खुर्चीवर एक आजोबा ऊन खात बसले होते. त्यांनी विचारलं, मॅम, हरवलात का? माझं इंग्लिश बेताचं, बोलण्यापेक्षा पर्समधलं नाणंच काढून दिलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी नाणं लांब धरलं, मग अजून लांब, माझ्यासारखंच, मग हसायला लागले. म्हणाले, क्वार्टरवर घातली होय तिला! उलटं करून वॉशिंग्टन बघितला, परत सुलटं केलं. आणि म्हणाले, "पंचवीसच सेंट?"

आम्ही दोघं हसलो, पण ते पंचवीस सेंट परतीच्या गाडीत (पुढच्या डब्यात बसले ह्या वेळी) डोक्यातून जाईनात. कारण तिला टेनिसने खरंच तेवढंसुद्धा दिलं नाही. १९५६ ची फ्रेंच, मग १९५७ आणि ५८ ची विम्बल्डन आणि अमेरिकन दोन्ही, दुहेरी-मिश्र धरून अकरा मोठी विजेतेपदं, ५७ मध्ये ब्रॉडवेवर कागदांच्या पावसात मिरवणूक, आणि बक्षिसाची रक्कम शून्य. तेव्हा सगळं हौशी. राणीने थाळी दिली, थाळीत वाढायला काही नाही. म्हणून ऐन भरात, ५८ मध्येच, तिने ते टेनिस सोडलं. गाण्याची रेकॉर्ड काढली, जॉन वेनच्या सिनेमात छोटं काम केलं, हार्लेम ग्लोबट्रॉटर्सच्या बास्केटबॉलच्या खेळाआधी प्रदर्शनी सामने खेळली, मग गोल्फ, १९६४ मध्ये व्यावसायिक महिला गोल्फच्या दौऱ्यावर गेलेली पहिली काळी बाई हीच. तिथेही काही क्लब आत घेत नव्हते, म्हणजे गाडीत कपडे बदलायचे. पुन्हा तेच दार!

आणि म्हातारपणी आजारपण, औषधाला पैसे नाहीत. १९९० च्या दशकात तिने अँजेला बक्स्टनला फोन केला, ५६ ची दुहेरीतली जोडीदार, इंग्लंडची ज्यू मुलगी, तीही क्लबांच्या बाहेर ठेवलेलीच. बक्स्टनने टेनिसच्या मासिकातून लोकांना कळवलं आणि जगभरातून पाकिटं आली, दहा लाख डॉलरच्या आसपास जमले म्हणतात. परत वर्गणीच. २००३ मध्ये ती ईस्ट ऑरेंजला वारली, एडिसनहून फार लांब नाही.

घरी पोचले तेव्हा सात वाजून गेले होते, मुलगी दारातच उभी, फोन का उचलत नाहीस म्हणून ओरडा खाल्ला. नाणं किल्ल्यांच्या वाटीत ठेवलं, सकाळी अण्णांच्या फोटोशेजारी ठेवू म्हणून, आणि झोपले.

सकाळी उठले तर जावई खूश. "आई, काल तुम्ही दमला होतात ना, मीच पहाटे दोन लोड लावले. ड्रायरला एक क्वार्टर कमी पडत होता, वाटीत मिळाला." काय बोलणार? बाळाची दुपटी गरम गरम घड्या करून ठेवलेली होती बिचाऱ्याने.

तेव्हापासून नाण्यांचा रोल आला की मीच आधी फोडते आणि एकेक उलटं करून बघते. जायला सतरा दिवस राहिलेत, अजून सापडलेली नाही. तिकडे कुणाला मिळाली तर माझ्यासाठी ठेवा, पंचवीस सेंट देईन, लाडूपण देईन.