लग्नाचा परवाना
आज मुलगा आणि होणारी सून यांच्याबरोबर, त्यांच्या लग्नाचा परवाना काढण्यासाठी, फ्लोरिडातील आमच्या काउंटीच्या ‘क्लर्क ऑफ कोर्ट’च्या कार्यालयात गेलो होतो. क्लर्क म्हटले की आपल्याला कारकून आठवतो. इथे मात्र हे मतदारांनी 4 वर्षांसाठी निवडून दिलेले घटनात्मक पद असून, खटल्यांच्या कागदपत्रांपासून घरांच्या खरेदीखतांच्या नोंदीपर्यंत कितीतरी कामे त्याच्याकडे असतात. दोघांनी विवाहपूर्व अभ्यासक्रमाचे 4 तास पूर्ण केले असल्यामुळे राज्यातील रहिवाशांना लागू असलेली 3 दिवसांची प्रतीक्षा टळली आणि शुल्कही कमी झाले. परवाना 60 दिवस चालतो, हे खिडकीवरच्या बाईंनी आपुलकीने दोनदा सांगितले. शेजारच्या खिडकीवर एक वृद्ध गृहस्थ दिवंगत पत्नीच्या घराची कागदपत्रे घेऊन उभे होते. त्यांना पाहून मी माझा आनंद थोडा वेळ आवरता घेतला.