वही क्रमांक ३, पाने २७ ते ३१ : दीवमधील एक दिवस

मागच्या नोंदीत थाळनेर येथील, खानदेशच्या फारुकी राजांच्या थडग्यांची चित्रे दाखवली होती. तापीकाठच्या त्या उन्हात कागदावर पाणी ठरतच नाही आणि दोनदा ब्रश फिरवेपर्यंत रंगाची कड वाळून रेघ उमटते, ही तेव्हाची माझी मुख्य अडचण होती. या नोंदीतली अडचण अगदी उलटी आहे. डिसेंबरात आम्ही दोघे दीवला जाऊन आलो आणि समुद्रकाठच्या दमट हवेत जलरंगाचा वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा सपाट थर, किती वेळ ओला राहतो, हे प्रथमच हाताला कळले.

जळगावहून सुरतेपर्यंत रेल्वे आणि पुढे रात्रीची बस, असा प्रवास केला. नकाशात सुरत आणि दीव खंभातच्या आखाताच्या दोन बाजूंना समोरासमोर दिसतात, परंतु रस्ता अख्ख्या आखाताला वळसा घालून जातो. त्यामुळे पोहोचलो तो दिवस विश्रांतीत घालवला आणि चित्रांसाठी दुसरा दिवस मोकळा ठेवला. दिवसभरात पाच पाने करायची, कोठेही घाई करायची नाही, एवढेच ठरले होते. साहित्य नेहमीचेच होते : ह्यांच्याकडे पेन आणि पाण्याने न पसरणारी शाई, माझ्याकडे सहा रंगांची डबी आणि ३०० ग्रॅमचा कोल्ड प्रेस, म्हणजे जाड आणि किंचित खरखरीत, कागद.

पान २७, पाणकोठा. दीव बेट आणि सौराष्ट्राची भूमी यांच्यामधल्या खाडीत हा छोटा कोट पाण्यातच उभा आहे, आणि धक्क्यावरून पाहिले की नांगर टाकलेल्या जहाजासारखा दिसतो. आकाशाचा वॉश देऊन मी जळगावच्या सवयीने पाचच मिनिटे थांबले आणि कोटाच्या भिंतीचा रंग भरू लागले. भिंतीची वरची कड आकाशात पसरली आणि तिथे फुलकोबीसारखा डाग उठला. पुसण्याच्या प्रयत्नात कागदही खरवडला गेला. हे पान बिघडले, पण वहीत तसेच ठेवले आहे.

यानंतर ह्यांनी एक सोपी पारख सुचवली. कागद नुसता पाहून वाळला आहे की नाही, ते ठरवायचे नाही. बोटांची मागची बाजू त्यावर अलगद टेकवायची. गार लागला तर आत ओल आहे, भले वरची चमक गेलेली असो. “थांब, अजून गार लागतंय,” हे वाक्य त्या दिवशी मी किती वेळा ऐकले, याचा हिशेब नाही. थांबण्याच्या त्या वेळात घरून नेलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपली.

पान २८ सेंट पॉल चर्चचे असून या वहीतले माझे सर्वांत समाधानाचे काम आहे. १६०१ मध्ये बांधायला घेतलेले हे चर्च १६१० मध्ये पूर्ण झाले. त्याचे पांढरे दर्शनी तोंड शिंपल्यांच्या आणि वेलबुट्टीच्या कोरीव कामाने भरलेले आहे. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा सोडलेला कागद, त्यामुळे चित्र सगळे सावल्यांवर उभे राहते. अल्ट्रामरीन या निळ्या रंगात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी रंग किंचित मिसळून पहिली सावली दिली, ती वाळल्यावर मात्र मेल्यासारखी करडी दिसू लागली. मग नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की छज्ज्यांच्या खालच्या बाजूला जमिनीवरून परतलेल्या उन्हाचा पिवळसर उजेड आहे. तेवढ्याच जागी यलो ऑकर या मातकट पिवळ्याचा अगदी पातळ ग्लेझ, म्हणजे वाळलेल्या रंगावरचा पारदर्शक थर, दिला आणि दगडाला ऊब आली. आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या वाड्यांत ही खालून येणारी ऊब मला कधी दिसली नव्हती. तिथे सावली सगळा उजेड गिळून टाकते.

पान २९, किल्ला. हे पान ह्यांचे. खडक कापून केलेला खंदक, तोफा आणि दीपस्तंभ त्यांनी एका सलग रेषेत बसवले आहेत. गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने १५३५ मध्ये पोर्तुगीजांना येथे किल्ला बांधण्याची परवानगी दिली आणि १५३७ मध्ये त्याच पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो दीवच्या समुद्रात मारला गेला. त्याच्यामागे गुजरातची गादी त्याचा भाचा मिरान मुहम्मद, म्हणजे आपल्या खानदेशचा फारुकी राजा, याच्याकडे आली होती. परंतु गादीवर बसायला जाताना वाटेतच तो वारला. थाळनेर रंगवून इतक्या दूर आल्यावर त्या घराण्याची गाठ येथे पडली, याचा मला फार आनंद झाला.

नायडा गुंफांत उजेड वरच्या भोकांतून तिरपा उतरतो. तेथे नुसते पाहत बसलो, वही उघडली नाही.

पान ३०, नागवा किनाऱ्यावरचे होका. ताडाच्या जातीचे हे झाड असले, तरी त्याचे खोड दुभंगते आणि प्रत्येक फांदी पुन्हा दुभंगते. पेनने काढताना फाट्याच्या कोनाकडे लक्ष ठेवावे. कोन रुंद झाला की झाड साध्या बाभळीसारखे दिसते. पहिल्या दोन झाडांत ही चूक झाली आहे, तिसरे बरोबर साधले आहे.

पान ३१ फुदमच्या गंगेश्वराचे. खडकातल्या कपारीत पाच शिवलिंगे आहेत आणि भरतीची लाट त्यांच्यावरून जाते. लाट परतताना ओल्या दगडावर क्षणभर आकाशाचा रंग राहतो, तो धरण्यासाठी मी मुद्दाम ओल्यावर ओला रंग सोडला. सकाळी जो दमटपणा आडवा आला, तोच येथे उपयोगी पडला. रंग सरकायला पुरेसा वेळ मिळाला आणि कडा मऊ राहिल्या. अंधार पडेपर्यंत पान गारच लागत होते, म्हणून वही न मिटता रिक्षात मांडीवर उघडी धरून मुक्कामावर आणली.