अर्ध्या पंखाचा कोट

रावपुऱ्यातलं नाटकाचे कपडे भाड्याने देणारं एक जुनं दुकान बंद होणार होतं, तेव्हा मालकांनी मला आपणहून फोन केला. बडोद्याच्या हौशी मराठी नाटकांचा कपडेपट मी पंचवीस वर्षं सांभाळलाय, त्यामुळे त्यांच्या माळ्यावर काय काय आहे ते मला पाठ होतं. मावळ्यांचे अंगरखे, जरीच्या शेरवान्या, इन्स्पेक्टरचे खाकी शर्ट. मला त्यातली एकच वस्तू हवी होती. मी तोंड उघडायच्या आत तेच म्हणाले, "पेलो हीरोवाळो कोट ने, बेन? लई जाओ."

राखाडी-निळं लोकरीचं कापड, चार खिसे, कमरेला त्याच कापडाचा पट्टा. डाव्या खिशाच्या वर शिवलेली वैमानिकाची खूण, दोन पंख. लढाईवरून मुलगा घरी परत येतो असा प्रवेश नाटकात असला की हाच कोट निघायचा. मी स्वतः त्याला कितीदा इस्त्री केली असेल. पण हा कोट कुणा खऱ्या माणसाच्या मापाने शिवलेला आहे, हा विचार तेव्हा कधी शिवला नव्हता मनाला.

तो विचार यायला लागला माझ्या सासऱ्यांच्या खाकी बुशशर्टामुळे. ते गेल्यावर पेटीत सापडला, आणि त्याच्या कॉलरमागे काळ्या शाईत चार आकडे होते. ते त्यांच्या सर्व्हिस नंबरचे शेवटचे चार आकडे, हे शोधून काढायला मला आठ महिने लागले. तिथून हा नाद लागला. आज माझ्याकडे दुसऱ्या महायुद्धातले हवाई दलाचे नऊ कपडे आहेत. पदकं आणि पराक्रम शोधणारे संग्राहक पुष्कळ आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी. मला कपड्याच्या आतलं नाव लागतं. ज्याचं नाव सापडत नाही तो कपडा मला अजून माझा वाटत नाही, कुणाचं तरी ठेवायला दिलेलं वाटतं.

बडोद्यात असा निळा कोट दिसला की जाणकार म्हणवणारी माणसं लगेच म्हणतात, "बडोदा स्क्वाड्रनचा असणार." तशी स्क्वाड्रन, म्हणजे हवाई दलाची तुकडी, होती हे खरं. ब्रिटिश हवाई दलाच्या १२४ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला बडोदा संस्थानच्या देणगीवरून आपल्या गावाचं नाव मिळालं होतं आणि तिच्या चिन्हावर चक्क मुंगूस होतं. पण ती मे १९४१ मध्ये स्कॉटलंडच्या पार उत्तर टोकाला कॅसलटाउनला उभी राहिली आणि स्पिटफायर ही लढाऊ विमानं घेऊन युरोपच्या आकाशात लढली. नाव आपलं, आकाश तिकडचं. त्यामुळे रावपुऱ्याच्या माळ्यावरचा कोट तिचा असेल ही आशा मी कधी धरली नाही.

कोट घरी आणला आणि आधी बटणं पाहिली. पितळी बटणावर गरुड, वर मुगूट. मुगुटाच्या कमानी वरून गोल असतील तर तो राजाचा, मध्ये खोलगट दबलेल्या असतील तर १९५३ नंतरचा, राणीचा. इथे गोल होत्या. मग शिवण. बाहीवर फ्लाइंग ऑफिसरची एक पट्टी, पण तिच्या कडेला भिंग धरलं तर आधी काढलेल्या एका बारीक पट्टीची टाक्यांची भोकं दिसत होती. म्हणजे पायलट ऑफिसर (हा नुसता हुद्दा, विमान चालवणाराच असतो असं नाही) असताना शिवला आणि बढती मिळाल्यावर पट्टी बदलली. दोन्ही कुशींची शिवण दोनदा आत घेतली होती, तीही वेगवेगळ्या हातांनी. पहिल्यांदा शिंप्याच्या मशीनवर, दुसऱ्यांदा हाताने, घाईघाईत. हा माणूस कोट शिवल्यानंतर दोनदा बारीक झाला होता. मलेरिया, आमांश, ब्रह्मदेशाची सरहद्द, जे काही असेल ते. कागदावर हे कुठेच लिहिलेलं नसतं, कुशीत मात्र राहतं.

मग कोठीच्या खोलीत दार लावून, अंधार करून, मी नोटा तपासायची जांभळ्या उजेडाची बॅटरी लावली. छातीवरचे ते दोन पंख कापडावर धरले होते तो दोरा निळा-पांढरा लखलखला. जुना सुती किंवा रेशमी दोरा असा चमकत नाही. पॉलिएस्टरचा दोरा, तोही उजळपणासाठी रसायन घातलेला, युद्धानंतरचा. म्हणजे हे पंख मागाहून लावलेले. बारीक कात्रीने एकेक टाका कापायला मला दोन संध्याकाळी लागल्या, कारण कापडाला कसर लागलेली होती आणि ओढलं असतं तर फाटलं असतं.

पंख निघाले. खालचं कापड न विटलेलं, गडद. आणि त्या गडद कापडात जुन्या टाक्यांची भोकं, एक वर्तुळ आणि त्याच्या एकाच बाजूला पंख. दुसरी बाजू कोरी.

माझे हात थांबले. अर्धा पंख वैमानिकाचा नसतो. तो नॅव्हिगेटरचा, बॉम्ब टाकणाऱ्याचा, तोफकऱ्याचा, म्हणजे विमानात बसून लढायला जाणाऱ्या पण विमान न चालवणाऱ्या माणसाचा असतो. आमच्या नाटकांनी त्याला हीरो करण्यासाठी त्याची खरी खूण झाकून टाकली होती. त्यात मीही होते.

आतल्या खिशात शिंप्याची पट्टी होती. अशा कोटांत तिथे गिऱ्हाइकाचं नाव आणि तारीख शाईने लिहिलेली असते. धुऊन धुऊन ती पट्टी पांढरी पडली होती, पण जुन्या लोहयुक्त शाईचं एक बरं असतं, डोळ्यांना दिसेनाशी झाली तरी जांभळ्या उजेडात काळी उमटते. दोन आद्याक्षरं, एक मराठी आडनाव, मार्च १९४३. नाव इथे लिहीत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.

नाव सापडलं की मी सगळ्यात आधी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाची मृतांची यादी बघते. नाव त्यात सापडू नये असंच वाटत असतं. सापडलं नाही. पुढची पायरी लंडनजवळ क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या स्क्वाड्रनच्या कामकाजाच्या नोंदी. त्यात फॉर्म ५४१ नावाचा तक्ता असतो. कुठलं विमान, त्यात कोण कोण, किती वाजता उडालं, किती वाजता उतरलं, काय घडलं, सगळं टाइप केलेलं. वैमानिकाच्या नावाखाली मागच्या सीटवरच्या माणसाचंही नाव. हा तक्ता मला फार आवडतो, त्यात कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही.

मधे एक चूक झाली. त्याच आडनावाचं, त्याच आद्याक्षरांचं एक कुटुंब मला नाशिकला सापडलं आणि मी नीट पडताळणी न करता पत्र टाकलं. त्यांना केवढा आनंद झाला! आजोबांचा फोटो पाठवला, पेढे पाठवतो म्हणाले. पंधरा दिवसांनी कळलं की त्यांचे आजोबा भूदलात होते. ते सांगायला केलेला फोन मला अजून आठवतो. आता दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय मी कुणाच्या घरी फोन करत नाही.

आमचा माणूस निघाला भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनचा, एअर गनर, म्हणजे विमानातला मशीनगनवाला. विमान व्हेंजन्स, अमेरिकी बनावटीचं डाइव्ह बॉम्बर, दोघांचं. डिसेंबर १९४३ पासून ही स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावर आराकानात लढत होती. व्हेंजन्सचे पंख मुद्दाम असे बसवलेले होते की ते जवळजवळ सरळ खाली सूर मारू शके. वैमानिकाला समोर जमीन दिसायची. मागच्या मशीनगनवाल्याचं तोंड शेपटीकडे. विमान नाक खाली करून पडत असताना त्याच्यासमोर फक्त आकाश, आणि जमीन किती जवळ आली ते पाठीला कळायचं. तक्त्यात त्याचं नाव मी मोजत गेले. वैमानिक बदलत होते, हा मागे तोच. १९४४ मध्येच स्क्वाड्रनला स्पिटफायर मिळाली. स्पिटफायरला मागची सीट नसते. तिथून पुढे त्या तक्त्यात तो नाही.

घर सापडलं पुण्यात. त्यांची मुलगी आज ऐंशीच्या जवळ आहे. फोनवर मी म्हटलं, "मावशी, तुमच्या वडिलांचा कोट माझ्याकडे आहे असं मला वाटतं." बराच वेळ काहीच आवाज नाही. मग म्हणाल्या, "छातीवरचं काढलेलं आहे ना?"

ते काढलं होतं त्यांच्या आईने. पन्नास-एक्कावन्न सालची गोष्ट. बडोद्याच्या आत्याकडे गणेशोत्सवात नाटक होतं, तिने कोट मागितला. आई म्हणाली, कोट न्या, पण यांचा पंख नाटकात नको. रात्री बसून तिने तो उसवला. कोट परत आला नाही. आत्याही गेली, मग विचारणार कुणाला. वडील त्यावर काही बोलले नाहीत. "त्यांना कुणी लढाईचं विचारलं तर म्हणायचे, मी काय, मी नुसता मागे बसायचो," मावशी सांगत होत्या. "आम्हाला ते खरंच वाटलं गं."

दिवाळीनंतर मी कोट घेऊन पुण्याला गेले. सोबत फॉर्म ५४१ च्या पानांच्या प्रती, त्यांच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारून. मावशींनी त्या एकेक करून वाचल्या, तारखा मोठ्याने म्हणत. एका तारखेला थांबल्या. "माझा जन्म याच्यानंतरचा," एवढंच म्हणाल्या.

देवघराच्या खालच्या खणातून त्यांनी कुंकवाची जुनी डबी काढली. आत पिवळट मलमलीत गुंडाळलेला पंख. पानांच्या वेढ्यात दोन अक्षरं, ए आणि जी. मी तो कोटावरच्या गडद खुणेवर ठेवला, थोडा सरकवला. भोकाला भोक लागलं.

जुन्या कपड्यावर नवा टाका घालू नये असं मी सगळ्यांना सांगत असते. त्या दिवशी मी पिशवीतून सुती दोऱ्याचं रीळ काढलं. मावशींना जवळचं नीट दिसत नाही. "तू सुई ओवून दे," त्या म्हणाल्या, "टाके मी घालते. जुनीच भोकं आहेत, हाताला लागतील." पावणेदोन तास लागले. कोट आता पुण्यात आहे.

सध्या टेबलावर एक खाकी बुशशर्ट आहे. नाव नाही, नंबर नाही, पण पाठीवर कॉलरच्या खाली धोब्याची खूण आहे, एका उभ्या रेघेला तीन टिंबं. दांडिया बाजाराच्या बाजूला पूर्वी कुठले धोबी कपडे न्यायचे, कुणाची खूण काय असायची, हे आठवणारं कुणी घरात असेल तर जरूर विचारून बघा. आणि पेटीत असा कपडा निघालाच, तर कृपा करून लगेच धुवायला टाकू नका.