‘तूर’ची ‘तर’ झाली तो दिवस

लातूरच्या मोंढ्यातल्या एका आडत दुकानासाठी मी रोजच्या भावाचं वेब पान बनवलं होतं. सोयाबीन, तूर, हरभरा, मूग. किमान, कमाल, सर्वसाधारण. आठवडाभरानं मुनीमकाकांचा फोन आला, "बाळा, तुझं पान लई बारीक दिसतंय. येऊन बघ एकदा."

सौदे आटोपल्यावर गेलो. काका पडद्यावर भिंग धरून भाव वाचत होते. जवळचं दिसत नाही म्हणून नातवानं क्रोमच्या सेटिंगमध्ये अक्षर सगळ्यात मोठं करून दिलेलं. "बाकी समदं मोठं झालं, तुझंच तेवढं हलंना."

चूक स्टाइलशीटच्या, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या फाइलच्या, पहिल्याच ओळीत होती. एचटीएमएलला, म्हणजे पानाच्या मुळालाच, मी फॉन्ट-साइज (अक्षराचा आकार) १६ पिक्सेल ठोकून दिली होती. ब्राउझरचा मूळ आकारही १६च, त्यामुळे माझ्याकडे फरक कधी दिसलाच नाही. काकांकडे तो २४ होता आणि माझी ती एक ओळ त्यांची सोय रोज मोडून काढत होती. मला फार वाईट वाटलं. ओळ काढली, सगळे आकार रेम या मापात लिहिले. रेम मुळाच्या अक्षरावरून मोजतो, म्हणजे माझ्याकडे १ रेम १६ पिक्सेल, काकांकडे २४.

अक्षरं मोठी झाली. काका मोठ्यानं वाचू लागले, "सोयाबीन... हरभरा... आणि हे 'तर' काय? खाली 'मग'?"

वाकून पाहिलं. प्रत्येक रांगेची उंची मी २८ पिक्सेल बांधली होती, वर ओव्हरफ्लो हिडन, म्हणजे बाहेर जाईल ते लपवायचं. २४च्या अक्षराला १.६ पट लाइन-हाइट (ओळीची उंची) म्हणजे ३८ पिक्सेलहून जास्त जागा हवी. खालचे दहा पिक्सेल छाटले गेले, त्यात ऊकार गेला. आपल्या लिपीत ऊकार गेला की मालच बदलतो. उंची काढून टाकली आणि वरखाली अर्ध्या एमचं पॅडिंग दिलं. एम त्या जागेच्या अक्षरावर चालतो, अक्षर वाढलं की मोकळी जागाही वाढते.

मथळा मी नुसत्या व्हीडब्ल्यूमध्ये लिहिला होता. ते माप पडद्याच्या रुंदीचं, वाचणाऱ्याच्या अक्षराशी त्याचं देणंघेणं नाही. तिथे क्लॅम्प, म्हणजे किमान-कमाल मर्यादा, लावून दोन्ही टोकं रेममध्ये बांधली.

मग मीडिया क्वेरी, म्हणजे पडदा किती अरुंद असला की मांडणी बदलायची ती अट. ७६८ पिक्सेलऐवजी ४८ एम लिहिलं. तिथला एम ब्राउझरच्या सेटिंगमधल्या अक्षरावरून मोजला जातो. काकांकडे ४८ गुणिले २४, म्हणजे ११५२. त्यांचा जुना मॉनिटर १०२४चा. रिफ्रेश केल्याबरोबर दाटीवाटीचा तक्ता मोडून मोबाइलसारखी एकाखाली एक मांडणी आली, एकेका मालाची. तिथे मी खरंच हरखलो.

"तूर," काकांनी वाचलं. भिंग बाजूला ठेवून त्यांनी औशाच्या एका शेतकऱ्याला फोन लावला आणि पडद्याकडे बघत भाव सांगू लागले.

बसस्टँडवर गाडीची वाट बघताना मी आधी करून दिलेल्या चार साइट मोबाइलवर तपासल्या. तिघींत तीच ओळ होती.