सहा भोकांची चादर

चौकोनी कागद आधी मधोमध उजवीकडून दुमडलेला, मग खालून वर. एका कोपऱ्यात छोटं भोक. आता हा कागद उलगडला तर कसा दिसेल? खाली चार पर्याय. नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेत मानसिक क्षमतेचे ४० प्रश्न असतात, त्यातले ४ या जातीचे. अमेरिकेत दंतवैद्यकाला जाणाऱ्यांना असले १५ सोडवावे लागतात. तोंडात आरसा घालून मागची दाढ कोरायची म्हटल्यावर ते बरोबरच आहे म्हणा.

माझा भाचा पाचवीत आहे आणि त्याचा डोळा आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पोखरापूरच्या नवोदयवर. मी हौसेनं कागद आणि पिन पुढं केली, तर म्हणाला, ‘‘मावशी, परीक्षेत दुमडायचं नाय की गं!’’ मग त्यानं डोळे मिटले. उजवा हात हवेतच डावीकडं वळला, तळवा खालून वर आला, एक बोट टोचलं. आणि उलट क्रमानं सगळं उघडलं. शेवटची घडी आधी. घडीची रेघ म्हणजे आरसा. भोक रेघेच्या अलीकडं जितकं, पलीकडंही तितकंच लांब.

क्लासमध्ये मात्र पदर मोजायला शिकवतात. चार पदर तर चार भोकं, बाकीचे पर्याय खोडून मोकळं व्हायचं. मला हे फारसं रुचत नाही. बघण्याची गंमत हिशेबानं जाते. (मार्क पडतात, त्यापुढं मावशीचं कोण ऐकतो?) शिवाय कोपरा तिरका दुमडला की भोकाखाली कुठं दोन पदर, कुठं एकच. अर्धं भोक नेमकं घडीवर आलं तर उघडल्यावर एकच पूर्ण भोक होतं. तिथं नुसते मोजणारे हमखास फसतात.

तसं सोलापूरला भोकांचं अप्रूप नाही. जकार्डच्या मागावर चादरीची नक्षी पुठ्ठ्यांवरच्या भोकांतूनच उतरते. भोक असेल तिथं सुई आत शिरते आणि उभा धागा उचलला जातो. नसेल तिथं तो खालीच राहतो.

आमच्या चादरीला मात्र भोकं पाडली ती उंदरानं. थंडी सुरू झाली म्हणून कपाटातली ठेवणीतली चादर काढली, तर घडीच्या कडेजवळ कुरतडलेलं. अंथरली. सहा भोकं, तीन-तीनच्या दोन ओळी. प्रत्येक ओळीत दोन जवळजवळ, तिसरं चांगलं हातभर लांब. वरचं मोठं, आतली लहान होत गेलेली, कारण उंदीर काही पंचिंग मशीन नव्हे.

भाच्यानं परीक्षेतलाच प्रश्न उलटा सोडवला. भोकं दिसतायत, घडी सांगा. परीक्षेत असं कुणी विचारत नाही, विचारायला हवं. कागद मधोमध दुमडत गेलं तर दोन, चार, आठ पदर होतात. सहा कधीच होत नाहीत. म्हणजे आधी लांबीनं तीन पदर, मग मधोमध एक घडी.

‘‘मी चादर चौपदरी घालते,’’ आई चटकन म्हणाली, आणि सगळ्यांनी बाबांकडं पाहिलं.

बाबांनी पेपर खाली केला नाही. ‘‘चौपदरी त्या कपाटात मावते का? घालून बघा.’’